चाकांवरील शयनगृह : सुतारकामाचा एक पाठ

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या दृष्टीसमोर एका जागी उभे राहणारे घर होते. पाया खणावा, जोते बांधावे, भिंती उभाराव्यात आणि मग सुतारास बोलवावे, हा आपला नेहमीचा क्रम होय. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आज अशीही कित्येक कुटुंबे आहेत, की ज्यांच्या घरास पाया नसून चाके आहेत. शाळेच्या जुन्या बसगाड्या विकत घेऊन ती मंडळी आतील आसने काढून टाकतात, आणि त्या जागी स्वयंपाकाचा ओटा, बसण्याची जागा व निजण्याची खोली अशी मांडणी करतात. त्यातील बहुतेक लाकूडकामही स्वतःच्याच हातांनी करण्याची त्यांना हौस असते. अशा घरातील निजण्याची खोली नव्याने रचावयाची झाल्यास सुताराने काय काय ध्यानात घ्यावे, हा आमच्या आजच्या पाठाचा विषय आहे. विषय परदेशचा खरा. परंतु त्यात भूमिती आहे, पदार्थविज्ञान आहे, आणि कशासाठी काय सोडावे हा विवेकही आहे. यास्तव विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी तो आमच्याबरोबर सावकाश पाहावा, अशी विनंती आहे.

प्रथम या गाडीची ओळख करून घेऊ. १९३९ सालच्या एप्रिल महिन्यात न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात प्राध्यापक फ्रँक सीर यांनी शाळेच्या बसगाड्यांविषयी एक परिषद भरविली. या परिषदेने अशा गाड्यांची मापे व बांधणी यांचे नियम सुचविले. पहाटेच्या अंधुक उजेडातही गाडी चटकन दिसावी व तिजवरील काळी अक्षरे स्पष्ट वाचता यावीत, म्हणून तिला पिवळा रंग असावा, असेही तेथेच ठरले. या गाड्यांचे मुलांना नेण्याआणण्याचे आयुष्य संपले, म्हणजे त्या लिलावात विकल्या जातात. कित्येक संस्थानांत नव्या मालकास पिवळा रंग बदलावा लागतो. आतील सांगाडा मात्र तोच राहतो. पोलादी कमानींवर पत्रा मढविलेला असतो, आतील रुंदी सुमारे ९० इंच असते, छत किंचित वर्तुळाकार असते. पुढे चढण्याचे दार असते आणि पुष्कळ गाड्यांत मागील भिंतीच्या मधोमध संकटकाळी उघडण्याचे दुसरे दार असते. हे मागील दार आपल्या पाठाच्या शेवटपर्यंत ध्यानात ठेवावे.

निजण्याची खोली बहुधा गाडीच्या अगदी मागील टोकास केलेली असते. पुष्कळ गाड्यांत तिची रचना पुढीलप्रमाणे आढळते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा असा एक मोठा मंच करावयाचा, त्यावर सबंध रुंदीची गादी घालावयाची, आणि खाली सामान भरावयाचे. ही रचना सोपी आहे, स्वस्त आहे, व वरवर पाहता कोणासही आवडेल अशी आहे. तीत दोष एकच, परंतु तो फार मोठा आहे. मागील दाराचा खालचा भाग त्या मंचाने झाकून जातो. पुढील दाराकडे जाण्याच्या वाटेत तर स्वयंपाकाची चूल असते. म्हणजे रात्री चुलीजवळ आग लागली, तर मागे निजलेल्यांस पुढची वाट आगीने बंद आणि मागची वाट लाकडाने बंद.

ही भीती काल्पनिक नव्हे. १४ मे १९८८ च्या रात्री केंटकी संस्थानातील कॅरल्टन गावाजवळ एका चर्चची बस सहलीहून परत येत होती. तीही पूर्वी शाळेचीच गाडी होती. तिच्यात मात्र घर केलेले नसून आसनेच होती. मद्य प्यालेल्या एका मनुष्याने आपली मोटार रस्त्याच्या उलट दिशेने आणून तिजवर घातली. इंधनाची टाकी फुटली, गाडीच्या पुढील भागास आग लागली, व पुढील दाराचा उपयोग उरला नाही. गाडीत ६७ जण होते. ती सारी गर्दी आसनांमधील अरुंद वाटेने मागील दाराकडे लोटली. त्यांपैकी २७ जण मृत्यू पावले, व त्यांत बहुतेक मुलेच होती. टकरीच्या आघाताने त्यांतील एकही दगावला नाही. सर्वांचा अंत आगीने व धुराने झाला. या दुर्घटनेनंतर केंटकी संस्थानाने आपल्या शाळांच्या गाड्यांना अधिक संकटद्वारे असावीत, असा नियम केला. वाट असणे निराळे आणि ती मोकळी असणे निराळे, हा त्यातील बोध होय. सुताराने पेन्सिल हाती घेण्यापूर्वीच तो मनात धरावा.

आता भूमितीकडे वळू. ९० इंच रुंदीतून थंडी व ऊन अडविणाऱ्या थरासाठी दोन्ही भिंतींकडून २-२ इंच वजा केले, म्हणजे ८६ इंच उरतात. दोघांसाठी अमेरिकेत जी लहान गादी मिळते, ती ५४ इंच रुंद व ७५ इंच लांब असते. ती आडवी न घालता गाडीच्या लांबीच्या दिशेने एका भिंतीस लावून मागील टोकापर्यंत घातली, तर चालावयास ८६ वजा ५४, म्हणजे ३२ इंच वाट मिळते. हे उत्तर प्रथमदर्शनी समाधानकारक वाटेल. परंतु दार मधोमध आहे, म्हणजे त्याचा मध्यबिंदू भिंतीपासून ४३ इंचांवर आहे. ५४ इंचांची गादी त्या मध्यबिंदूच्याही पलीकडे ११ इंच जाते. अर्थात निम्म्याहून अधिक दार झाकलेलेच राहिले!

यास्तव तिसरी रचना पाहू. दोन्ही भिंतींस लागून प्रत्येकी २८ इंच रुंद व ७५ इंच लांब असे दोन पलंग करावे. दोहोंचे मिळून ५६ इंच होतात. मध्ये बरोबर ३० इंचांची सरळ वाट उरते, आणि ती वाट थेट दारापाशी पोचते. आगगाडीच्या बाकावर रात्र काढलेल्या माणसास २८ इंच पुष्कळ वाटतील. शिवाय दोन्ही बाजूंचे वजन समान झाल्याने गाडीचा तोलही नीट राहतो, आणि चाकांवरील पत्र्याचे जे उंचवटे खोलीत येतात, ते पलंगांखाली झाकून जातात. येथे काही गमवावे लागते, हे आम्ही लपवीत नाही. दोघांचा एकच ऐसपैस पलंग जातो, आणि त्याखालील मोठी कोठीही जाते. परंतु ज्या आरामासाठी दार बंद करावे लागते, तो आराम महाग पडला असे समजावे.

मापे घेण्यातही या घराची रीत निराळी आहे. आपल्याकडे सुतार ओळंबा व पाणसळ यांवर भरवसा ठेवतो. पण बस ज्या जमिनीवर उभी असेल, ती क्वचितच सपाट असते. तेथे ओळंबा पृथ्वीशी प्रामाणिक राहतो, परंतु गाडीशी राहत नाही. म्हणून प्रत्येक माप गाडीच्या तळापासून घ्यावे आणि काटकोन गुण्याने पाहावा. भिंत जेथे वर वळते, तेथे लाकूड एकदम कापू नये. प्रथम पुठ्ठा कापून तो वळणाशी जुळवावा, आणि त्या नमुन्यावरून फळीवर रेघ ओढावी. पुठ्ठा वाया गेला तर खेद नाही. फळी वाया गेली तर होतो.

लाकूड कोणते वापरावे? सागवान आपल्या ओळखीचे. अमेरिकेत घरगुती कामासाठी पाइन व ओक ही लाकडे सहज मिळतात. ओक कणखर खरे, परंतु चालत्या घरात प्रत्येक पौंड इंजिनास ओढावा लागतो. हलक्या पाइनचे वजन दर घनफुटास ढोबळमानाने ३० पौंड व ओकचे ४५ पौंड धरून हिशेब करू. पलंगाचा तळ पाऊण इंच जाडीच्या अखंड फळ्यांचा केला, तर दोन पलंगांस सुमारे १.८२ घनफूट, म्हणजे पाइनचे ५५ पौंड लाकूड लागेल. त्याऐवजी ३ इंच रुंदीच्या पट्ट्या २-२ इंचांच्या अंतराने बसविल्या, तर ७५ इंच लांबीत बरोबर १५ पट्ट्या बसतात आणि वजन ३३ पौंडांवर येते. हाच पट्ट्यांचा तळ ओकचा केल्यास ४९ पौंड होईल.

पट्ट्यांचा लाभ केवळ वजनापुरता नाही. झोपेत श्वासावाटे व त्वचेवाटे एका माणसाच्या शरीरातून रात्रभरात पाव लिटराच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. थंडीच्या दिवसांत ही वाफ गार पत्र्यावर व गादीच्या खालच्या अंगास द्रवरूप होते. तळ अखंड असेल तर तेथे बुरशी येते आणि पत्र्यास गंज चढतो. पट्ट्यांमधून वारा खेळतो, व गादी कोरडी राहते. याच कारणासाठी थंडीतही छतावरील एखादा झरोका किंचित उघडा ठेवावा लागतो.

आता सांधे. स्थिर घरात खिळ्यांनी भागते. चालत्या घरात रस्त्याच्या कंपनाने खिळा हळूहळू वर येतो. म्हणून पलंगाचे पाय व आडव्या दांड्या खाच आणि कुसू यांच्या सांध्याने जोडाव्या, सांध्यात सरस घालावा, आणि सबंध चौकट गाडीच्या पोलादी अंगास नटबोल्टांनी आवळावी. पत्र्यात नुसता स्क्रू पिळून भागणार नाही, कारण ब्रेक दाबला असता गाडी थांबते, परंतु आतील वस्तू आपल्या पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. न्यूटनचा पहिला नियम पलंगासही लागू आहे! दुसरी गोष्ट अशी की, लाकूड हवेतील ओलाव्याने आडवे फुगते व कोरड्या हवेत आडवेच आकसते; लांबीत मात्र ते फारसे बदलत नाही. हे घर आज समुद्रकाठी, तर पुढील आठवड्यात वाळवंटात. तेव्हा कपाटाच्या दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवावी, तिला सरस लावू नये. जागा मिळाली तर फळी हलेल. न मिळाली तर फुटेल.

पलंगांखाली वाटेच्या बाजूने उघडणारे खण करावे. वळणावर ते आपोआप उघडू नयेत यासाठी एक साधी युक्ती आहे. खणाच्या पुढील फळीखाली एक खाच करून ती चौकटीच्या उभ्या कडेवर बसू द्यावी. मग खण किंचित वर उचलल्यावाचून पुढे येत नाही. निजण्यापूर्वी सर्व खण बंद करण्याची शिस्त घरात असावी, कारण उघडा खण वाटेतच येतो. पलंगांचे कोपरे रंध्याने व घासकागदाने गोलसर करावे. अंधारात घाईने धावणाऱ्या लेकराचा गुडघा त्यांवरच आपटावयाचा असतो.

शेवटी लाकडास तेल द्यावयाचे. जवसाचे तेल लाकडास शोभा आणते. परंतु ते सुकताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावते आणि उष्णता उत्पन्न करते. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या, तर ही उष्णता आत कोंडते व चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या घराबाहेर एकेक पसरून पूर्ण सुकू द्याव्यात. खोलीच्या छतास धुराची सूचना देणारे यंत्र लावावे, आणि मागील दाराची कडी आतून सहज उघडते की नाही, हे महिन्यातून एकदा घरातील लहानांत लहान मुलाकडून उघडवून पाहावे.

प्रभू येशूने नाझरेथ येथे सुतारकाम केले, हे आपण जाणतोच. तेव्हा या धंद्यास कोणी कमी लेखू नये. चांगल्या सुताराची पारख केवळ लाकडाच्या झिलईवर होत नसते. त्याच्या कामात राहणारी माणसे निर्धास्त निजतात की नाही, यावरही ती होते.

विद्यार्थ्यांनी पुढील अभ्यास घरी करावा. (१) आपण जेथे निजतो त्या खोलीचा नकाशा एका फुटास अर्धा इंच या प्रमाणात काढा. (२) अंथरुणापासून बाहेरील दारापर्यंतची वाट तांबड्या पेन्सिलीने दाखवा, आणि ती जेथे सर्वांत अरुंद होते तेथील रुंदी मोजा. (३) त्या वाटेत काय ठेवलेले आहे, ते लिहा. (४) ते दुसरीकडे कोठे ठेवता येईल, याचा विचार वडील माणसांबरोबर बसून करा. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत उतरावी. चौथ्याचे उत्तर त्याच दिवशी घरात अमलात आणावे.