गृहपाठ आणि घर

गृहपाठ हा शब्द दोन पदांचा आहे. परंतु शाळेत विचार होतो तो बहुधा त्यांतील दुसऱ्याच पदाचा. पाठ कोणता द्यावा, किती ओळी लिहून घ्याव्यात, वही केव्हा तपासावी, याविषयी शिक्षक दक्ष असतात. तो पाठ ज्या गृहात जावयाचा ते गृह कसे आहे, तेथे सायंकाळच्या वेळी काय चाललेले असते, याची चौकशी मात्र क्वचितच होते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात ही चौकशी आधी आणि पाठाची निवड मागाहून, असाच क्रम असावयास हवा.

दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते. पुढे काही महिने गावातील बायामाणसे सकाळीच शेताची वाट धरतात. चौथी-पाचवीतील मुलगी शाळेतून परतते तेव्हा घरात धाकटे भावंड आणि म्हातारी आजी एवढीच माणसे असतात. पाणी भरणे, भावंडाला सांभाळणे, आई येईपर्यंत भाकरीची तयारी करून ठेवणे, ही कामे तिच्या वाट्याला न सांगता येतात. (तिच्या भावाच्या वाट्याला ती येत नाहीत, हेही नमूद करावयास हवे.) आई दिवेलागणीनंतर येते, चूल पेटते, जेवणे उरकतात, तोवर मुलीचे डोळे मिटू लागलेले असतात. दुसऱ्या दिवशी वही कोरी. ‘गृहपाठ का केला नाहीस?’ या प्रश्नाचे खरे उत्तर तिला शब्दांत मांडता येत नाही आणि ती खाली मान घालून उभी राहते. असे पाच-सात वेळा घडले की शाळेची पायरी तिला जड वाटू लागते. मग एके दिवशी ती आईच्या मागे ओटी बांधून वेचणीला जाते. हजेरीपत्रकात तिच्या गैरहजेरीचे कारण शेतकाम असे लिहिले जाते. कोऱ्या वहीचा त्यात उल्लेख नसतो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंनाही प्रतिबंध आहे. छडी बहुतेक शाळांतून गेली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु सर्व वर्गासमोर कोरी वही उंच धरून दाखविणे हेही त्याच कलमात बसते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

गृहपाठ किती असावा याविषयी आता संदिग्धता उरलेली नाही. केंद्र शासनाच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात पहिली व दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊच नये असे म्हटले आहे. काल सायंकाळी घरी काय केले, कोणता खेळ खेळला, काय खाल्ले, हे त्यांना वर्गात बोलावयास लावावे, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित आहे. तिसरी ते पाचवीसाठी आठवड्यास जास्तीत जास्त दोन तास आणि सहावी ते आठवीसाठी दिवसास जास्तीत जास्त एक तास, ही मर्यादा त्याच धोरणात आहे. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच दप्तराच्या व पाठांतराच्या ओझ्याकडे देशाचे लक्ष वेधले होते. अमेरिकेतील हॅरिस कूपर या अभ्यासकाने गृहपाठाविषयीचे पुष्कळसे संशोधन एकत्र करून पाहिले, तेव्हा माध्यमिक वर्गांत गृहपाठाचा आणि गुणांचा संबंध बऱ्यापैकी दिसला, प्राथमिक वर्गांत तो अगदीच अल्प आढळला. लहान मुलाकडून रात्री चार पाने उतरवून घेतल्याने त्याच्या ज्ञानात फारशी भर पडत नाही, हे अनुभवी शिक्षकांनाही ठाऊक असते. तरीही चार पाने दिली जातात, कारण भरलेली वही दाखविता येते.

मग घराकडून काहीच अपेक्षा करू नये काय? तसे नव्हे. घराला जे येते तेच त्याच्याकडे मागावे.

आईला अक्षर येत नाही म्हणून तिला हिशेब येत नाही, असे समजण्याची चूक शाळा वारंवार करते. वेचणीची मजुरी किलोप्रमाणे मिळते. समजा, दर किलोला ८ रुपये आहे आणि एका बाईने दिवसभरात ३८ किलो कापूस वेचला. शाळेतील मूल पाटीवर ३८ खाली ८ मांडते, आठ आठे चौसष्ट म्हणते, हातचा सहा घेते आणि कित्येकदा तो हातचा मिळवावयास विसरून २४४ असे उत्तर काढते. त्याची आई तोच हिशेब काट्यापाशी उभ्या उभ्या करते: चाळिसाचे झाले ३२०, त्यातून दोन किलोचे १६ गेले, राहिले ३०४. या रीतीत हातच्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय उत्तर ३०० च्या आसपास असले पाहिजे हे तिला आधीच कळलेले असते. म्हणून २४४ रुपये हातावर ठेवणाऱ्याला ती तेथेच अडवील. अंदाज बांधणे व नजीकच्या पूर्ण संख्येवरून मागे येणे, या गोष्टी पाठ्यपुस्तके आता मुद्दाम शिकवितात. त्या घरोघरी चालू आहेत.

येथे गृहपाठाचे स्वरूप बदलता येते. ‘या आठवड्यात आईने रोज किती किलो वेचले ते विचारून आण, आणि मजुरीचा हिशेब ती तोंडाने कसा करते ते नीट ऐकून ये’ एवढाच पाठ द्यावा. दुसऱ्या दिवशी फळ्याच्या एका बाजूस पुस्तकाची रीत व दुसऱ्या बाजूस आईची रीत मांडावी आणि दोन्ही उत्तरे जुळतात का ते मुलांनीच पाहावे. जी मुलगी काल मान खाली घालून उभी होती तिच्याजवळ आज सांगण्यासारखे काही असते. आईलाही आपल्याला शाळेने काही विचारले याचे नवल वाटते, आणि पुढच्या वेळी ती चुलीपुढे बसल्या बसल्या स्वतःच विचारते, ‘आज मास्तरानं काय विचारलं?’ शिक्षणात पालकांचा सहभाग म्हणून ज्याचा एवढा गवगवा होतो, त्याचा आरंभ याहून मोठा असण्याचे कारण नाही.

भाषेच्या बाबतीतही असेच आहे. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांतील कोलाम पोडांवर घरची बोली कोलामी असते; कोठे गोंडी असते; पुसद, दिग्रस, दारव्हा भागांतील तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते; आणि ज्यांना आपण मराठी घरे म्हणतो तेथेही वऱ्हाडी नांदते. पुस्तकातील प्रमाण मराठीत लिहिलेला धडा घरी ‘समजावून द्या’ असे अशा पालकांना सांगणे व्यर्थ होय. परंतु आजीला ठाऊक असलेली एखादी गोष्ट तिच्या बोलीत ऐकून येणे आणि वर्गात ती मराठीत सांगणे, हा भाषेचा उत्तम व्यायाम आहे. वखर, डवरा, तिफण यांच्या भागांची नावे आजोबांना विचारून आणणे, घरातील धान्यांची व रानातील झाडांची नावे दोन बोलींत लिहिणे, हेही तसेच. अशा वह्या पाच-सहा वर्षे जपून ठेविल्या, तर त्या शाळेपाशी एक लहानसा शब्दसंग्रहच तयार होईल. पालघरकडील कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविल्या. मूल जेथे आहे तेथे शाळेने जावे, हा त्यांचा विचार होता. गृहपाठालाही तो लागू पडतो.

पालकांनी काय करावे, हे सांगताना पुष्कळ सूचनांची यादी देण्याचा मोह टाळावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मुलाला दहा मिनिटे मोठ्याने वाचावयास लावावे आणि ऐकावे. मूल अडखळते कोठे व सरळ जाते कोठे, हे निरक्षर कानालाही कळते. जेवणाआधी अर्धा तास त्याला कोणतेही काम सांगू नये. आणि हा अर्धा तास मुलाइतकाच मुलीलाही मिळावा. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. शिक्षकांनीही वहीवर पालकांची सही आणण्याचा आग्रह सोडावा. ज्या बापाला सही करता येत नाही त्याच्यापुढे रोज वही धरणे म्हणजे मुलाच्या देखत त्याला कमी लेखणे होय. तीच गोष्ट वहीतून घरी पाठविलेल्या चिठ्ठीची. ती बहुधा मूल स्वतःच वाचून दाखविते, आणि आपल्या सोयीने वाचते.

यवतमाळ, वणी, पुसद यांसारख्या शहरांतील सुशिक्षित घरांत अडचण उलट्या बाजूची आहे. तेथे गृहपाठ मुलाऐवजी आईच करते आणि प्रकल्प दुकानातून विकत आणला जातो. त्या वहीला पैकीच्या पैकी गुण देणाऱ्या शिक्षकाने आपण कोणाला गुण देत आहोत हे पाहावे.

२०२० मध्ये शाळा बंद असताना पाठ मोबाइलवर जाऊ लागले. पुष्कळ घरांत मोबाइल एकच, तोही बापाबरोबर शेतात, हे त्या वेळी सर्वांनीच पाहिले. शाळा उघडल्या, तरी गटावर गृहपाठ टाकून मोकळे होण्याची सवय काही ठिकाणी टिकून राहिली आहे. ती सोडावी. ऊसतोडीसाठी ज्यांचे आईबाप बाहेर जातात व जी मुले आजी-आजोबांपाशी राहतात, त्यांच्या बाबतीत तर घर म्हणजे ते दोन वृद्धच. त्यांच्या घरी शिक्षकाने हंगामात एकदा तरी जाऊन यावे, आणि जे मूल आईबापांबरोबरच निघाले आहे त्याचे शिक्षण हमी कार्ड त्याच्या हाती देण्यास विसरू नये.

पालकांशी नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती व प्रगती त्यांना सांगणे, हे उक्त अधिनियमाच्या कलम २४ नुसार शिक्षकाचे कर्तव्यच आहे. आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कलम २१ सांगते. तथापि वेचणीच्या दिवसांत दुपारी अकरा वाजता बोलाविलेल्या सभेस रोज बुडवून कोण येणार? सभा बाजाराच्या दिवशी सायंकाळी ठेवावी. तांड्यावर नायकाच्या ओट्यावर, पोडावर चावडीत भरवावी. आरंभी भाषण नको. तिसरी-चौथीतील दोन-तीन मुलांनी एकेक उतारा वाचून दाखवावा, एखाद्या मुलीने आपल्या आईच्या रीतीने हिशेब सोडवून दाखवावा, आणि ती रीत बरोबर उतरली की नाही हे त्या आईलाच विचारावे. कार्यक्रमपत्रिकेवरील विषय त्यानंतर घ्यावेत.