कौर्ना भाषेची शाळा

दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहर कौर्ना या आदिवासी लोकांच्या भूमीवर वसले आहे. ऑक्टोबर १८३८ मध्ये ड्रेस्डेन येथील लूथरन मिशनचे टायशेलमन आणि शुरमन हे दोन तरुण मिशनरी तेथे उतरले. (त्यांच्या जहाजाचे नाव ‘पेस्तनजी बोमनजी’. मुंबईकरांना हे पारशी नाव परके वाटणार नाही!)

उपदेशाआधी हे दोघे शिकायला बसले. मुलावीराबुर्का व इतर वडीलधाऱ्यांकडून त्यांनी भाषा समजून घेतली. डिसेंबर १८३९ मध्ये टॉरेन्स नदीकाठी पिल्टावोडली येथे शाळा निघाली. पिल्टावोडली म्हणजे पॉसम या प्राण्याचे घर. शिकवणे कौर्ना भाषेतच चाले. १८४० मध्ये त्यांचे व्याकरण आणि सुमारे २,००० शब्दांचा संग्रह छापून झाला. मुले आपल्या भाषेत पत्रे लिहू लागली.

१८४५ मध्ये गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांच्या कारकिर्दीत ही शाळा मोडली. मुले सरकारी शाळेत गेली. तेथे केवळ इंग्रजी. भाषा उत्तम जाणणाऱ्या शेवटच्या मानल्या गेलेल्या इवारित्जी बाई १९२९ मध्ये वारल्या. मिशनचे काम तर कधीच फसले म्हणून गणले गेले होते.

पुढे ॲडलेड विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ रॉब अमेरी यांनी याच पुस्तकांचा कसून अभ्यास केला. या भाषेच्या पुनरुज्जीवनावरील त्यांचा ग्रंथ २००० मध्ये आला. मात्र त्यांनी एकट्याने भाषा उठवली असे म्हणणे चुकीचे ठरेल. लुईस ओब्रायन, अलित्या रिग्नी यांच्यासारखे कौर्ना वडीलधारे बरोबर होते आणि २००२ पासून ‘कौर्ना वारा पिन्त्यान्ती’ ही समिती नव्या शब्दांचा विचार करते. संगणकाला ‘मुकार्न्डो’ म्हणतात. ‘मेंदू’ आणि ‘वीज’ हे दोन शब्द जोडलेले. आज कौर्ना पुन्हा गाण्यांत, भाषणांत, शाळांत ऐकू येते.

मंडळीने एवढ्यावर समाधान मानू नये. ऑस्ट्रेलियातील कित्येक मिशन वसतिगृहांत मुलांना स्वभाषा बोलण्यास मनाई होती. म्हणजे एका मिशनने भाषा जपली, तर दुसऱ्यांनी ती मुलांच्या तोंडातून काढून घेतली. पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले, हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण दरवर्षी वाचतो. मग आपण हातभार लावतो त्या वसतिगृहांत कातकरी, वारली, कोरकू मुले रात्री दिवे मालवल्यावर कोणत्या भाषेत बोलतात, हे पुढच्या भेटीत जरूर विचारा.

धोरणाचा प्रश्न आजही मिटलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत १९७० च्या दशकात द्विभाषिक शाळा सुरू झाल्या. २००८ मध्ये तेथील सरकारने रोजचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवण्याचा हुकूम काढला. शिक्षकांनी व समाजाने त्याला विरोध केला.

ग्रे यांना मात्र भाषांच्या पोथ्या गोळा करण्याचा नाद होता. टायशेलमन यांनी १८५७ मध्ये आपला वाढवलेला हस्तलिखित कोश त्यांनाच पाठवला. तो केपटाऊनच्या ग्रंथालयात राहिला, आणि अमेरी यांच्या कामाचा मोठा आधार ठरला.