प्रशिक्षणाची नोंद आणि तिच्यासाठी सॉफ्टवेअरची निवड

सकाळच्या पाळीची माणसे कारखान्याच्या दाराशी जमली आहेत. त्यांपैकी एकाला आज वायुवाहिनीच्या दुरुस्तीवर पाठवावयाचे आहे. त्याला पाठवावे की नाही, हे ठरविण्यास पर्यवेक्षकाजवळ फार तर पाच मिनिटे असतात. तेवढ्या वेळात त्याला एका प्रश्नाचे निश्चित उत्तर हवे असते : हे काम करण्याचे शिक्षण या माणसाला मिळाले आहे काय, आणि ते आजही ग्राह्य आहे काय? प्रशिक्षणाच्या नोंदी ठेवण्याचा सारा खटाटोप मुळात या प्रश्नासाठी असतो. म्हणून नोंदींसाठी सॉफ्टवेअर निवडताना हाच प्रश्न सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

भिलाईसारख्या ठिकाणी या प्रश्नाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. १९५५ साली भारत व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. यंत्रे आली, पण ती चालविणारी माणसे तयार व्हावयाची होती. शेकडो भारतीय अभियंत्यांनी व कारागिरांनी सोव्हिएत संघात जाऊन शिक्षण घेतले. पुढे ते शिक्षण भिलाईतच देण्याची व्यवस्था झाली. पोलादाच्या धंद्यात शिक्षण हा उत्पादनाचाच एक भाग असतो, हे या इतिहासावरून दिसते. त्याची दुसरी बाजू दुःखद आहे. १२ जून २०१४ रोजी याच कारखान्यात वायुगळती होऊन दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांसह सहा जण दगावले. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक-भट्टी विभागाच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम चालू असताना आग लागली आणि तीतही अनेकांनी प्राण गमावले. या दुर्घटनांची मीमांसा हा येथील विषय नव्हे. परंतु वायूजवळ काम करणाऱ्या माणसाला काय शिकविले आहे, हे आधीच ठाऊक असणे किती आवश्यक आहे, ते त्यांवरून कळते.

कायद्याची दृष्टी

कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या २२ व्या कलमात असे म्हटले होते की, चालू यंत्राची तपासणी वा त्याला तेल घालण्याचे काम खास प्रशिक्षित कामगारानेच करावे आणि त्याचे नाव विहित नोंदवहीत लिहिलेले असावे. नुसते शिक्षण पुरेसे मानलेले नव्हते. त्याची नोंदही हवी होती. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने प्रत्येक उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवण्याचे दायित्व मालकावर टाकले. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन आरोग्य व सुरक्षितता यांविषयीचे शिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क ठरला. तेव्हापासून प्रशिक्षणाची नोंद हा व्यवस्थापनाचा कागद असतो, तसाच तो कामगाराच्या हक्काचा पुरावाही असतो.

नोंदीत काय असावे

दुर्ग-भिलाई या जोडनगरातील पद्मनाभपुर ही निवासी वसाहत. तिच्या आसपास एक लहान कारखाना आहे असे समजू. त्यात १८० कायम कामगार आणि कंत्राटदारांकडून आलेले सुमारे २०० जण काम करतात. प्रशिक्षणाची माहिती तीन ठिकाणी विखुरलेली आहे : वर्गाच्या हजेरीपटात, कार्यालयातील फायलीत आणि एका लिपिकाने स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या तक्त्यात. एकाच माणसाचे आडनाव एके ठिकाणी ‘साहू’, तर दुसऱ्या ठिकाणी ‘साहु’ असे आहे. हजेरीपटावर सही आहे; पण परीक्षेचा निकाल नाही.

अशा कारखान्याने प्रथम सॉफ्टवेअर पाहू नये. प्रथम स्वतःची नोंद नीट करावी. एका नोंदीत निदान सहा गोष्टी असाव्यात : माणसाचा कधीही न बदलणारा क्रमांक, त्याने काय शिकले, कोणी शिकविले, कोणत्या दिवशी शिकले, परीक्षेत वा प्रत्यक्ष कामात तो उतरला काय, आणि हे शिक्षण कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे. ‘हजर होता’ आणि ‘काम येते’ या दोन भिन्न गोष्टी होत. गुणवत्ता व्यवस्थेच्या आयएसओ ९००१ या आंतरराष्ट्रीय मानकातही भर आहे तो माणसाच्या क्षमतेच्या पुराव्यावर. वर्गात घालविलेल्या तासांवर नव्हे.

तीन मार्ग

पहिला मार्ग स्प्रेडशीटचा. पन्नास-साठ माणसांपर्यंत तो पुरतो आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. त्याचा दोष असा की, जुन्या तारखेवर नवी तारीख लिहिली की जुनी सहसा नाहीशी होते, आणि ती कोणी बदलली हेही बहुधा समजत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे वेतन व हजेरी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधील प्रशिक्षणाचा विभाग. यात माणसाची माहिती पुन्हा भरावी लागत नाही. परंतु अशी सॉफ्टवेअरे पगारपत्रकाभोवती रचलेली असतात. ज्याचे नाव पगारपत्रकात नाही, तो कंत्राटी कामगार त्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. आणि धोक्याची कामे पुष्कळदा त्याच्याच वाट्याला येतात.

तिसरा मार्ग अध्ययन-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरचा. मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात तयार केलेले आणि २००२ साली प्रथम प्रसिद्ध झालेले ‘मूडल’ हे त्याचे सुपरिचित उदाहरण. ते वापरण्यास परवानामूल्य पडत नाही. मात्र संगणक, देखभाल आणि ती करणारा जाणकार माणूस यांचा खर्च पडतोच. अशा सॉफ्टवेअरची मूळ रचना अभ्यासक्रमाभोवती असते. तेव्हा प्रमाणपत्राच्या मुदतीची काळजी ते आपोआप वाहील असे गृहीत न धरता ती सोय पाहून घ्यावी.

कसोटी कशी घ्यावी

विक्रेता प्रात्यक्षिक दाखवितो तेव्हा त्याने आणलेली माहिती नेहमीच नीटनेटकी असते. म्हणून कसोटी आपल्याच जुन्या नोंदींवर घ्यावी. त्यांतून मुद्दाम अवघड अशा चार नोंदी निवडाव्यात : एकाच नावाचे दोघे, विभाग बदललेला कामगार, मुदत संपलेला क्रेनचालक, आणि वर्षात दोन कंत्राटदारांकडे काम केलेला वेल्डर. त्या भरून घेऊन तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : आज या कामावर कोणाकोणाला पाठविता येईल? याचे उत्तर फाटकापाशी, पर्यवेक्षकाला स्वतः पाहता आले पाहिजे. कार्यालय उघडण्याची वाट पाहावी लागली तर त्याचा उपयोग नाही. दुसरा प्रश्न : येत्या महिन्यात कोणाची मुदत संपते? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : गेल्या वर्षी अमुक दिवशी या माणसाचे कोणते शिक्षण ग्राह्य होते? अपघातानंतर तपास अधिकारी हेच विचारतो. ज्या सॉफ्टवेअरला केवळ आजची स्थिती ठाऊक आहे, ते येथे निरुत्तर होते. म्हणून जुनी नोंद पुसली जाऊ नये, आणि दुरुस्ती केल्यास ती कोणी व केव्हा केली हे राहावे, अशी अट घालावी.

भाषेची कसोटीही याच वेळी घ्यावी. हिंदी वा मराठी नावे युनिकोडमध्ये साठविली जातात काय, त्यांचा शोध लागतो काय आणि छापील प्रमाणपत्रावर जोडाक्षरे नीट उमटतात काय, हे पाहावे. जुन्या फाँटांमध्ये टंकलेली नावे नव्या सॉफ्टवेअरमध्ये निरर्थक अक्षरांसारखी दिसतात. ती बदलून घेण्याचे श्रम खर्चात धरावेत.

खर्च आणि मालकी

दर माणशी असेल तर सोडून गेलेल्यांची नावेही मोजली जातात काय, हे आधी विचारावे. कंत्राटी माणसे वारंवार बदलतात. तेथे हा खर्च नकळत वाढतो आणि मग जुनी नावे काढून टाकण्याचा मोह होतो. ती नावे काढणे म्हणजे पुरावाच नष्ट करणे होय. हिशेब एका वर्षाचा न करता पाच वर्षांचा करावा. करार संपल्यावर सर्व नोंदी इतरत्र वाचता येतील अशा साध्या स्वरूपात परत मिळतील, हे लेखी घ्यावे. तसेच २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियमाचे भान ठेवून, कामाला आवश्यक तेवढीच माहिती गोळा करावी.

शेवटी, ही नोंद कोणाची? २०१४ मध्ये भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदांना सार्वत्रिक खाते क्रमांक मिळू लागला. मालक बदलला तरी तो क्रमांक कामगाराबरोबर जातो. शिक्षणाच्या नोंदीचेही असेच व्हावयास हवे. कंत्राटदार बदलला म्हणून वेल्डरचे कौशल्य नाहीसे होत नाही; मात्र त्याची नोंद नाहीशी झाली तर तो पुन्हा नवशिका ठरतो, आणि खराखुरा नवशिका त्याच्या रांगेत न ओळखता उभा राहतो. म्हणून प्रत्येक कामगाराला स्वतःची नोंद पाहण्याची, तीतील चूक दाखविण्याची आणि जाताना तिची प्रत नेण्याची सोय असावी. जे सॉफ्टवेअर हे करू देते आणि पर्यवेक्षकाच्या पाच मिनिटांत खरे उत्तर देते, ते दिसावयास साधे असले तरी निवडण्यास योग्य समजावे.