ऊस एक, पण अर्थ चार : नव्या ऊस नोंद प्रोग्रॅमविषयी



ऊस नोंदीचा नवा संगणक प्रोग्रॅम करायला आलेल्या मुलांनी पहिल्याच बैठकीत आम्हांला विचारले, "साहेब, तुमचं कार्यक्षेत्र सांगा." आम्ही गावांची यादी पुढे केली. त्यांना गावे नकोच होती! ज्या धंद्यासाठी प्रोग्रॅम करायचा त्याचा सगळा व्यवहार म्हणजे त्यांच्या भाषेत डोमेन, आणि त्याचे पोटविभाग म्हणजे सबडोमेन. एका शब्दापायी दहा मिनिटे गेली, पण त्या विद्येचे मर्म त्यातच आले. एरिक इव्हान्स यांनी २००३ साली या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांचा आग्रह असा की, प्रोग्रॅम करणाऱ्याने आधी काम करणाऱ्याची भाषा शिकावी, आणि शब्दाचा अर्थ जिथे बदलतो तिथे बांध घालावा.

आपल्याकडचा 'ऊस' हाच शब्द घ्या. शेती विभागाला ऊस म्हणजे गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागण तारीख. काट्यावर तोच ऊस म्हणजे भरलेल्या गाडीचे वजन वजा रिकाम्या गाडीचे वजन. प्रयोगशाळेला तो कोणाच्या शेतातला याच्याशी देणेघेणे नाही, तिला साखरेचा उतारा हवा. हिशेब विभागात तर ऊस उरतच नाही, नुसते बिल उरते. हे चारही एकाच तक्त्यात कोंबले की घोटाळा ठरलेला. चौघांचे तक्ते वेगळे ठेवून नोंद क्रमांकाने जोडावेत, असे आता ठरले आहे.

'सभासद' शब्दाने मात्र आम्हांला फार छळले. शेअर विभागाला सभासद म्हणजे भागधारक. शेती विभागात मात्र ज्याचा ऊस तो सभासद, असं आपण सरसकट बोलतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही एकच धरले होते. २०२२-२३ च्या हंगामात एका गावी वडील वारले, शेअर्सची वारस नोंद व्हायची होती, आणि मुलाच्या नावे ऊस नोंदच होईना. तोडचिठ्ठी निघाली तेव्हा मार्च संपत आला होता. ऊस वाळला, वजन घटले. त्या घरी जाऊन उत्तर देणे आमच्याच वाट्याला आले. नव्या पद्धतीत ऊस उत्पादक वेगळा, भागधारक वेगळा. बिगर सभासदाचाही ऊस येतोच की.

कोणत्या पोटविभागावर जास्त डोके चालवायचे, हाही प्रश्न होता. पगारपत्रक, खतावणी यांचे तयार प्रोग्रॅम बाजारात मिळतात, ते घ्यावेत. आपला खरा गाभा तोडणीचा क्रम. मुले म्हणाली, "लागण तारखेनं क्रम लावला की झालं." आडसाली जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची, इथवर ठीक. पण खोडव्याचे काय? त्याची मूळ लागण तारीख धरली तर तो कागदावर दोन-तीन वर्षांचा होऊन सगळ्यांच्या आधी येतो! त्याला मागच्या तोडीची तारीख लागते. जातीप्रमाणे पक्वता मागेपुढे होते. जळीत ऊस तर क्रम मोडूनच आणावा लागतो, आणि तो कोणाच्या सहीने आणायचा हेही प्रोग्रॅमला सांगावे लागते. मुलांना दोन दिवस फडावर नेले, मुकादमाशी बोलायला लावले, तेव्हा कुठे त्यांच्या वहीत हे उतरले.

म्हणून यंदा नोंदीच्या फॉर्मवर रकाने वाढले आहेत. लागण की खोडवा, खोडवा असल्यास मागील तोडीची तारीख, आणि पीक कोणाच्या नावे, हे तीन रकाने कोरे ठेवू नयेत. लवकर तोड मिळावी म्हणून तारीख मागे सारण्याची खोड काहींना आहे, आम्हांला ती गावनिहाय ठाऊक आहे. सातबारा उतारा व बँक पासबुकाची प्रत घेऊन गट ऑफिसला यावे. शेअर्सची वारस नोंद अपुरी असली तरी ऊस नोंद थांबणार नाही. कोणी थांबवलीच तर थेट आमच्याकडे यावे.