नखे आणि आहारातील उणीव

नखांवर पांढरे ठिपके दिसले की ‘कॅल्शियम कमी झाले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. रुग्णांचे नातेवाईक आम्हांला याविषयी वारंवार विचारतात. म्हणून नखांची घडण येथे थोडक्यात मांडत आहोत.

नख मुख्यतः केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते. त्यातील सिस्टीन या घटकात गंधक असते. गंधकाच्या बंधांनी प्रथिनांच्या साखळ्या परस्परांशी जखडल्या जातात व नखाला काठिण्य येते. कॅल्शियमचा वाटा वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो. पांढरे ठिपके बहुधा नखाच्या मुळाशी झालेल्या किरकोळ इजेचे असतात. त्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या घेण्याचे कारण नाही.

हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला साधारण ६ महिने लागतात. त्यामुळे मागील काही महिन्यांच्या आहाराचा ठसा नखात उरतो. चीनमधील केशान परगण्यात १९३५ साली हृदयविकाराची साथ आढळली. तेथील मातीत, पर्यायाने अन्नात, सेलेनियम अत्यल्प असल्याचे पुढे स्पष्ट झाले. आज सेलेनियमच्या दीर्घकालीन सेवनाचा अंदाज घेण्यासाठी संशोधक नखांचे तुकडे तपासतात.

आपल्याकडे मोठी उणीव लोहाची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोहाची उणीव दीर्घकाळ राहिल्यास नखातील लोहही घटते; नख पातळ व ठिसूळ होते आणि पुढे चमच्यासारखे खोलगट बनते. तान्ह्या बाळांत मात्र अशी नखे निसर्गतःही आढळतात. शिवाय अनेक रुग्णांची नखे रक्तक्षय असूनही चांगली दिसतात. त्यामुळे केवळ नखांवरून निदान करता येत नाही. थकवा, धाप वा फिकटपणा असल्यास हिमोग्लोबिनची तपासणी करावी. ही तपासणी अल्प खर्चाची आहे.

पालेभाज्या, कडधान्ये, बाजरी व हळीव आहारात असावेत; जेवणात लिंबू घ्यावे, जेवणालगत चहा टाळावा. रक्तक्षयाचे कारण जंत वा अतिरिक्त रक्तस्राव असल्यास त्यावरही उपचार हवेत. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही शरीरातील लोहाचा साठा भरून येण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या साधारण ३ महिने चालू ठेवाव्या लागतात. बरे वाटताच गोळ्या सोडणाऱ्या रुग्णांना घरच्यांनी याची आठवण करून द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.