खोट्या मशिनने नेटवर्क खरं कसं होतं?

प्रश्न : मी पाचोडचा, संभाजीनगरला इंजिनिअरिंग शिकतो. पुस्तकातल्या काही कमांड पॅकेट ट्रेसरमध्ये चालतच नाहीत. सर म्हणतात, व्हर्च्युअल मशिन लाव, म्हणजे खऱ्यासारखं होईल. पण तेही खोटंच ना? खोट्यात खोटं मिळवून खरं कसं होणार?

उत्तर : शंका रास्त आहे. दोन्हीकडे बनावट असतं, पण वेगवेगळ्या जागी.

पॅकेट ट्रेसरमध्ये राउटर मुळी नसतोच. तो कसा वागतो याची नक्कल करणारा प्रोग्राम असतो. त्यात जेवढ्या कमांड घातल्या, तेवढ्याच चालणार. व्हर्च्युअल मशिनमध्ये प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क कार्ड तेवढं बनावट. त्यावरचं लिनक्स अस्सल, मोठमोठ्या सर्व्हरवर चालतं तेच. हरवलेलं पॅकेट पुन्हा कधी पाठवायचं हे तिथे खरं टीसीपी ठरवतं, आणि त्याच्या खोडीही खऱ्याच असतात.

राहिली मधली तार. समजा, मोसंबी मार्केटच्या नोंदींचं एक ॲप तुम्ही बनवलं आणि ते उपग्रहाच्या लाइनवर चालवायचं आहे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर मिळेपर्यंत अर्धा. दोन व्हर्च्युअल मशिन जोडा आणि लिनक्समधल्या नेटएमने दोन्हीकडे २५० मिलिसेकंदांचा उशीर लावा. एका क्लिकमागे सर्व्हरला एकापाठोपाठ दहा वेळा विचारणारं ॲप आता पाच सेकंद ढिम्म बसेल. लॅबमध्ये पळत होतं ते हेच!

शेकडो नोडचं जाळं हवं असेल, तर टोकांना व्हर्च्युअल मशिन ठेवून मधला भाग एनएस-३ सारख्या सिम्युलेटरकडे देतात. खरी गोम इथे आहे. एकट्या सिम्युलेटरला वेळ म्हणजे नुसता आकडा. नेटवर्कचं एक मिनिट मोजायला त्याने दहा मिनिटं घेतली तरी चालतं. व्हर्च्युअल मशिन मात्र भिंतीवरच्या घड्याळाने चालतं. सिम्युलेटर मागे पडला की टीसीपीला वाटतं, पॅकेट हरवलं. ते पुन्हा पाठवतं, बोजा आणखी वाढतो. आपण बोल लावतो नेटवर्कला. दमलेला असतो लॅपटॉप.

म्हणूनच, व्हर्च्युअल मशिन लावलं की सगळंच खरं, हा समज नको. वेगाचे आकडे तुमच्या लॅपटॉपचे. मोठ्या राउटरमध्ये पॅकेट पुढे ढकलायला खास चिप असते, ती इथे नाही.

सुरुवातीला बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना, ते बघा. आठ जीबी रॅममध्ये डेस्कटॉप नसलेली तीन-चार लिनक्स मशिन सहज बसतात. जास्त हवी असतील तर मिनिनेट घ्या; त्यात सगळे नोड एकाच लिनक्स कर्नलवर चालतात.