मावळतीच्या नावेचा हिशेब

चि. सौ. बाय हिस,

तुझे पत्र आणि सोबतची नौकाविहाराची चार जाहिरातपत्रके पोचली, मजकूर समजला. दिवाळीच्या सुटीत सासू-सासरे व मुले यांसह तुम्ही सहाजण पणजीस येणार, मांडवीच्या पात्रातून सूर्यास्त पाहावा असा मुलांचा हट्ट आहे, खर्च मात्र बेताचा राहिला पाहिजे, आणि या चारांतील कोणती नौका पसंत करावी हे मी बंदर खात्यात होतो म्हणून मीच सांगावे, असा तुझा आग्रह दिसतो. माझी सगळी नोकरी परवान्यांवर शिक्के उमटवण्यात गेली, हे तुला चांगले ठाऊक आहे. तरीही विचारतेस, तेव्हा त्या शिक्क्यांखालून जे वाचनात आले आणि पुढे या किनाऱ्यावर राहून जे पाहण्यात आले, तेवढे सावकाशीने लिहितो.

पत्रके समोर मांडून बारकाईने वाचली. सर्वात स्वस्त आणि सर्वात महाग यांच्या दरांत जवळजवळ चौपटीचे अंतर आहे. पण त्या अंतराचा तपशील काढू गेल्यास असे दिसते की, नदी तीच, मार्ग तोच, वेळ सुमारे तासाभराचीच, आणि वाढीव रक्कम लागली आहे ती जेवणाला, पेयांना, रंगमंचावरील नाचगाण्याला आणि 'वरच्या मजल्यावरील खास बैठक' या गोड शब्दांना. देखणी, फुगडी, कोरेदीन हे नाच पाहण्यासारखे आहेत यात संशय नाही. परंतु ते सुरू असता उतारूंची तोंडे रंगमंचाकडे आणि पाठ पश्चिमेकडे असते, हा प्रकार मला नेहमीच चमत्कारिक वाटत आला आहे. जेवण बाहेर घ्यावे. पणजीत चांगली मासळी नावेपेक्षा जमिनीवर स्वस्त मिळते, ताजीही असते, आणि तुझ्या सासूबाईंच्या शाकाहाराचीही तजवीज होते. माणशी शंभराची बचत म्हणजे सहा माणसांत सहाशे झाले, आणि तेवढ्यात तुमचे एक जेवण सुखाने होईल. मुलांस गाणी हवीच असतील तर त्यांचे मन मोडू नकोस; मात्र सूर्यासाठी निघालो आहोत की गाण्यासाठी, याचा निर्णय तिकिटाच्या खिडकीपुढे उभे राहून न करता आधी घरी करावा.

आता मुख्य गोष्ट, जिच्याविषयी चारही पत्रके मौन पाळून आहेत, ती सूर्य प्रत्यक्ष मावळण्याच्या वेळेची. दोन पत्रकांत 'सूर्यास्त सफर, सायंकाळी सहा' असे ठसठशीत अक्षरांत छापले आहे. मे महिन्याच्या मध्यास पणजीस सूर्य सातास चार-पाच मिनिटे कमी असताना मावळतो, तेव्हा सहाची नौका त्या ऋतूत अगदी यथायोग्य. पण दिवाळीच्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, तो सहा वाजून दोन ते दहा मिनिटांच्या दरम्यान अस्तास जातो, आणि सहाची म्हणून जाहीर झालेली नौका रांग, तिकिटांची तपासणी, उशिरा येणारे उतारू व दोर सोडण्याचा सोपस्कार उरकून हलेपर्यंत सूर्यनारायण आपले काम आटोपून गेलेले असतात. छापील नाव वर्षभर तेच ठेवणाऱ्या व्यवसायाला याची खंत नसते, उतारूला असावी. म्हणून पाचची किंवा निदान सव्वापाचची फेरी कोणाची आहे हे विचारावे, आणि तशी नसल्यास 'सूर्यास्त' या नावाचे अधिक पैसे न देता काळोखातील दिव्यांची सफर म्हणून तिचे मोल करावे. आपल्या अक्षांशांत संधिप्रकाश फार काळ रेंगाळत नाही. बिंब बुडाल्यावर वीसबावीस मिनिटांत आकाशातले रंग आटोपतात, तेवढी मिनिटे पाण्यावर हाती राहतील अशी फेरी निवडली की झाले.

वेळेइतकीच दिशा पाहावी लागते. मांडवी पणजीपाशी जवळजवळ पश्चिमेस, किंचित दक्षिणेकडे कललेली अशी वाहते आणि एका अंगास आग्वादचे टोक, दुसऱ्या अंगास काबोचे टोक ठेवून समुद्रास मिळते. उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे सरकलेला असल्यामुळे नदीतून पाहणाऱ्याला तो बार्देशच्या टेकड्यांआड जाताना दिसतो, पाण्यात बुडताना दिसत नाही. हिवाळ्याकडे मात्र तो नैर्ऋत्येकडे झुकतो आणि नेमका त्या दोन टोकांमधल्या मोकळ्या मुखात उतरतो. तुमचा हंगाम या बाबतीत उत्तम आहे. नाव मुखाच्या दिशेने जाताना सूर्य साधारण समोर आणि परतताना साधारण पाठीशी राहणार, तेव्हा डावी बाजू बरी की उजवी यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही; जाताना नाळेकडची आणि येताना मागच्या कठड्याजवळची जागा मिळाली म्हणजे पुरे. मांडवी पुलाजवळच्या सांता मोनिका जेट्टीवरून निघालीस तर वाटेत आदिलशहाचा वाडा, पलीकडच्या काठावर रेइश मागूशचा किल्ला आणि दूर 1612 साली बांधून पुरा झालेला आग्वाद ही स्थळे दिसतील. पणजी 1843 साली अधिकृतपणे राजधानी झाली, हे थोरल्यास आधी सांगून ठेव. नाहीतर तो नदीत नांगरून ठेवलेल्या त्या झगमगत्या जुगाराच्या जहाजांकडेच बघत बसेल, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा, नदीच्या मधोमध एवढा झगमगाट उभा केल्यावर मोठ्यांची नजरही तिकडेच जाते.

तिथीचा विचार तू केला नसशील. आपल्याकडे जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढीत, ती रीत अजून फार खोटी ठरत नाही. अमावास्येस त्या हिशेबाने पूर्ण भरती सव्वाअकराच्या सुमारास येते, म्हणजे सायंकाळी साडेपाचच्या आगेमागे पूर्ण ओहोटी. त्यातही अमावास्येचे उधाण, म्हणजे पाणी चढतेही फार आणि उतरतेही फार. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जेट्टीच्या खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात आणि नाव एक हात खाली गेलेली असते. तुझ्या सासऱ्यांच्या गुडघ्यांना हे मानवणारे नाही. उलट अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती नेमकी सायंकाळी, मिनिटांचा थोडा फरक धरून; आणि अष्टमीचा भांग असल्यामुळे पाण्याची चढउतार अल्प व ओढ सौम्य. सबब भाऊबीज घरी करून निघा आणि कार्तिक शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या सुमारास नाव गाठा. तोपर्यंत दिवाळीच्या पर्यटकांची लाटही ओसरू लागते, आणि गर्दी उतरली की भाव बोलण्यास माणूस अधिक मोकळा होतो.

आता ज्या बाबीत एक पैशाचीही काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, तिच्याविषयी. कोकणात माझ्या पिढीची मुले 'रामदास'ची हकीकत ऐकत वाढली. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती पावसाळ्याच्या ऐन भरातील गोष्ट, आज तसे कोण जाईल, असे म्हणणाऱ्यांनी शांत पाण्यातील दाखले पाहावेत. 30 सप्टेंबर 2009 रोजी केरळात ठेक्कडीच्या तलावात दुमजली सहलनौका उलटून चाळीसहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. काठावर रानटी जनावरे दिसली म्हणून माणसे एका अंगास लोटली, हे त्यावेळी सांगितले गेलेले एक कारण होते. 7 मे 2023 रोजी केरळातच तानूर येथे मासेमारीच्या नावेत फेरफार करून केलेली सहलीची नौका, क्षमतेहून अधिक माणसे घेऊन, संध्याकाळ उलटल्यावर निघाली आणि बावीसजण बुडाले, त्यांत मुलेही होती. सुटीची वेळ, स्वस्त तिकीट, नदीमुखाजवळचे पाणी आणि मावळतीची हौस, असे सगळे तुमच्या बेतासारखेच तेथे जमून आले होते, म्हणून ही घटना मी मुद्दाम लिहिली. तुला घाबरवण्याचा हेतू नाही. दुमजली नावेत वजन जितके वर चढेल तितकी ती एका अंगास कलल्यावर सावरणे कठीण, एवढे यामागचे तत्त्व आहे. आणि सूर्यास्त ही वस्तूच अशी आहे की ती पाहण्यासाठी सर्व माणसे एकाच वेळी वरच्या मजल्यावर आणि एकाच कठड्याशी जमतात.

म्हणून तिकीट घेण्याआधी जावईबापूंना जेट्टीवर जरा फिरून येण्यास सांग. नावेचा नोंदणी क्रमांक आणि मंजूर उतारूसंख्या अंगावर किंवा दर्शनी फलकावर स्पष्ट लिहिलेली आहे काय, आधीच्या फेरीत प्रत्यक्ष किती माणसे चढली, जीवरक्षक जाकिटे हाताशी आहेत की कुलपात, आणि धाकटीच्या मापाचे जाकीट आहे की नाही, एवढे पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. मोठ्या मापाचे जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते, ते असून नसल्यासारखे. गोव्यात या नावांवर बंदर कप्तानांच्या खात्याची देखरेख असते, आमच्या बाजूस महाराष्ट्र सागरी मंडळाची. पण देखरेख करणारा कारकून प्रत्येक फेरीस हजर नसतो, हे एका माजी कारकुनाचे वाक्य समजून लक्षात ठेव. सारंगाला किंवा खलाशाला विचारल्यावर तो वैतागला तर वैतागू दे. जो 'आमच्याकडे कधी काही झाले नाही' एवढेच उत्तर देतो त्याची नाव सोडावी. जो पेटी उघडून जाकीट दाखवतो त्याला वीसपन्नास रुपये जास्त गेले तरी द्यावेत.

रस्त्यावर तिकिटे विकणारे इसम भेटतील. जेवण, नाव आणि दुसऱ्या दिवशीचे डॉल्फिनदर्शन एकत्र बांधून 'पॅकेज' म्हणून ते जे देतात, त्यात प्रत्येक वस्तूचा वेगळा भाव विचारला की बेरीज सहसा कमी भरते. खिडकीवरच तिकीट घ्यावे, मुलांच्या वयाची सवलत कितव्या वर्षापर्यंत आहे हे विचारावे, आणि पावती घ्यावी.

या सर्वांहून स्वस्त एक मार्ग आहे, तो पत्रकात कोणी छापणार नाही. पणजीहून बेतीस आणि रायबंदरहून चोडणास सरकारच्या फेरीबोटी जातात. बेतीच्या बोटीवर पायी उतारूकडून भाडे घेण्याची रीत वर्षानुवर्षे नाही, तरी चढताना विचारून घे. पणजीस पोचाल त्याच दिवशी, सूर्य टेकण्यापूर्वी अर्धा तास, सर्वांना घेऊन बेतीस जा आणि पुढच्या बोटीने परत ये. भाजीच्या पाट्या, शाळेची मुले, दुचाक्या आणि कचेरीतून घरी निघालेले लोक यांच्यामध्ये उभे राहून नदीच्या मधोमध पश्चिमेकडे पाहिलेस की मुखाचा तोच मोकळा भाग दिसेल. जहाजांची थोडी आडकाठी होते, तितकी सोसावी. या फेरीचा खरा उपयोग परीक्षेचा आहे. इंजिनाच्या धडधडीने धाकटी घाबरते काय, सासूबाईंना मळमळते काय, सासऱ्यांना कठड्याशी किती वेळ उभे राहवते, हे सगळे फुकटात कळेल, आणि त्यावरून दुसऱ्या दिवशी तासाची नाव घ्यावी, की मोठ्यांना मिरामारच्या वाळूत खुर्चीवर बसवून तुम्ही चौघांनीच जावे, हे ठरवता येईल. दोन तिकिटे वाचली म्हणून मी हे सुचवत नाही. म्हातारपणी अनेकांना पाण्यापेक्षा पाण्याकडे पाहणे अधिक आवडते, आणि भिडेस्तव ते बोलत नाहीत. त्यांना जावईबापूंनी नव्हे, तू विचार.

चोडणची बोटही वेळ असल्यास सोडू नकोस. पलीकडे खारफुटीत डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, आणि तिन्हीसांजेस बगळ्यांचे थवे मुक्कामाकडे परततात ते बोटीवरूनही दिसतात. थोरल्याजवळ माझी जुनी दुर्बीण देईन म्हणतो; तिची एक काच सैल आहे, ती तेवढी पुण्यात बसवून घ्यावी लागेल.

पत्रकांपैकी तिसरे, ज्यात पाचची फेरी, एकमजली नाव आणि केवळ चहा आहे, ते मी खूण करून परत पाठवीत आहे. दर दुसऱ्या क्रमांकाचा आहे, सर्वात कमी नाही. तरी जावईबापूंनी जेट्टीवर जाऊन वर लिहिलेल्या गोष्टी पडताळल्या की तेच घ्यावे असे मला वाटते. तारीख मुकर्रर झाली की कळव. येताना सावंतवाडीस एक रात्र मुक्काम केलात तर तुझ्या मामीने कोकमे आणि तळणीच्या मिरच्या बांधून ठेवल्या आहेत, त्या परस्पर नेता येतील; आणि गाडीत मागे जागा ठेव, कारण फणसपोळीचा डबा मोठा आहे.

व्याही व विहीणबाईंस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. लोभ असावा.

तुझा,
मामा